माघ-फाल्गुनातला मळा आणि विहिरीची दोरी: गुहागरकडच्या एका सेंद्रिय भाजीमळ्याचं प्रकरण

कोकणात भाजीच्या मळ्याला सगळ्यात अडचणीचे दिवस कुठले असं विचाराल तर मी पावसाळा सांगणार नाही, माघ संपत आल्यापासून चैत्र लागेपर्यंतचे सांगेन. कारण तेव्हा दोन्ही कामं एकदम अंगावर येतात. थंडीतली भाजी उभी असते, पावटा लगडलेला, मुळा जून व्हायला आलेला, कांद्याच्या माना पडायच्या बेतात, आणि नेमकं त्याच वेळी उन्हाळी वेलांचं बी मातीत गेलं पाहिजे, नाहीतर एप्रिल-मेमध्ये घरात भाजीला काही नाही. त्यात शिमगा येतो, पालखी दारात येते, गडीमाणूस मिळत नाही. आणि विहीर रोज थोडी थोडी खाली चाललेली असते. हे प्रकरण त्या दिवसांतलं आहे. घर ओळखीचं, पण नावं लिहीत नाही, काकी आणि त्यांचा मुलगा एवढंच म्हणते.

गुहागर तालुक्यात समुद्रापासून जवळ घर, मागे सुपारीची पन्नास झाडं आणि थोडे माड, त्याच्या बाजूला अडीच गुंठ्याचा भाजीचा मळा. जमीन डोंगरउतारावरच्या वरकसासारखी जांभ्याची नाही, पुळणीकडची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपट्ट्याकडची रेताड, वर्षानुवर्षं शेणखत आणि पातेरा (वाळका पालापाचोळा) पडून पडून वरची वीतभर काळपट झालेली. रासायनिक खत या मळ्यात कधीच पडलेलं नाही, काकींच्या सासूबाईंच्या वेळेपासून. मुलगा मुंबईतली नोकरी सोडून आलाय, घराच्या दोन खोल्या त्याने पाहुण्यांना द्यायला काढल्यात, आणि त्याला पाहुण्यांच्या ताटात रोज घरच्या मळ्यातली भाजी द्यायची आहे. ही गोष्ट मला मनापासून आवडली, कारण समुद्राकाठच्या गावात बसून पाहुण्यांना घाटावरून टेम्पोने आलेला फ्लॉवर खायला घालायचा याला काही अर्थ नाही.

तर झालं असं की फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघांचं पटेना म्हणून मला बोलावलं. मुलाचा प्लॅन असा की मळा एकदम रिकामा करायचा, सगळं उपटायचं, माती उकरून खत भरायचं, ड्रिप टाकायचं आणि अडीचच्या अडीच गुंठे काकडी, कारली, शिराळी (दोडकी), पडवळ, भेंडी, गवार असं लावून टाकायचं. बी त्याने आणूनच ठेवलं होतं. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून दापोलीच्या कृषी विद्यापीठात गेला आणि कोकण तारा कारलं, कोकण हरिता शिराळं, कोकण श्वेता पडवळ अशी पाकिटं घेऊन आला. ह्या सगळ्या सरळ वाणांच्या जाती आहेत, म्हणजे बी घरी धरता येतं, त्यामुळे निवड चांगली होती. काकींचं म्हणणं वेगळं. पावट्याचं बी अजून पोसतंय, त्याला हात लावायचा नाही. आणि दुसरं, "एवढ्याला पाणी खयसून आणणार? रामनवमीला विहिरीची खालची पायरी उघडी पडते, ती काय मी आज बघत्येय?"

मुलगा म्हणाला ड्रिप आहे ना. मी म्हटलं ड्रिपने पाणी वाचतं खरं, पण विहिरीत जे येतच नाही ते ड्रिप कुठून देणार. आधी विहीर मोजूया.

इथे जरा थांबून सविस्तर सांगते, कारण मला वाटतं सगळ्या प्रकरणाचा जीव यात आहे आणि हे कुणीही घरी करू शकतं. विहीर गोल, आतून दहा फूट रुंद. अशा विहिरीत एक फूट उंचीचं पाणी म्हणजे साधारण बावीसशे लिटर. सुंभाची दोरी घेतली, टोकाला दगड, आणि फुटाफुटावर गाठी मारल्या. संध्याकाळी शेवटचा पंप बंद केला की दोरी सोडायची, कितव्या गाठीपर्यंत भिजली ते लिहायचं, सकाळी पंप लावायच्या आधी परत सोडायची. दोन्हीतला फरक म्हणजे रात्रीत विहिरीने दिलेलं पाणी. दिवसा झरा देतो ते धरायचं नाही, ते शिल्लक समजायचं. विहिरीत एकूण किती पाणी दिसतंय याला महत्त्व नाही, रात्रीत किती भरतं याला आहे, कारण दिसणारं पाणी एकदा उपसलं की संपलं.

फेब्रुवारीत रात्रीत दोन फूट भरत होतं, म्हणजे चौरेचाळीसशे लिटर. त्यातून घर, गाय आणि पाहुणे मिळून आठशे. सुपारीला झाडामागे सोळा लिटर धरलं तरी पन्नास झाडांचे आठशे. सोळाशे हे ठरलेले, त्यात हात घालता येत नाही, सुपारी एकदा उन्हाळ्यात तापली की पुढच्या दोन वर्षांचं उत्पन्न जातं. म्हणजे मळ्याला अठ्ठावीसशे लिटर, फेब्रुवारीत भरपूर. पण काकींच्या पायरीवरून हिशेब केला तर एप्रिलात रात्रीचं भरणं निम्म्यावर येणार, एक फूट, बावीसशे लिटर. सोळाशे वजा केले की मळ्याला उरतात सहाशे.

आता मळा किती मागतो ते बघा. एप्रिलात आपल्या किनाऱ्यावर ऊन आणि वारा मिळून जमिनीतून आणि पानांतून दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे एका चौरस मीटरला पाच लिटर. अडीच गुंठे म्हणजे अडीचशे चौरस मीटर. साडेबाराशे लिटर रोज, आणि ते पण रेतीतून खाली काही झिरपलं नाही असं धरून. आहेत सहाशे. मुलाने हे कागदावर स्वतः मांडलं, दोनदा मांडलं आणि मग म्हणाला, मग अर्धाच लावू. एवढं पटकन ऐकणारा माणूस विरळा, हे मुद्दाम लिहिते.

खारं पाणी हा वेगळा विषय आहे पण इथे लागू होतो म्हणून थोडक्यात. समुद्राजवळच्या रेताड जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्राच्या पातळीपेक्षा गोडं पाणी एक फूट वर असेल तर त्याच्याखाली साधारण चाळीस फूट गोड्याचा थर असतो, आणि वरचं एक फूट उपसून खाली नेलं तर खालचं खारं त्याच हिशेबाने वर सरकू बघतं. म्हणून अशा विहिरीवर पंप सलग तीन-चार तास चालवायचा नाही, थोडा थोडा सकाळ-संध्याकाळ चालवायचा. आणि पीकही बघून लावायचं. फरसबी मिठाला अजिबात टिकत नाही, कांदा पण नाजूकच, त्या मानाने चवळी बरीच सोसते. मुलाच्या यादीत फरसबी होती, ती काढून चवळी घातली. तसंच सुक्या मासळीचा कुटा, जो आपल्याकडे माडांना सर्रास घालतात, तो उन्हाळी आळ्यांत घालू दिला नाही. पावसाच्या तोंडावर माडाला घातला तर मीठ धुऊन जातं, इथे एप्रिलात ते मुळाशीच बसेल.

तर मग ठरलं काय. मळा रिकामा करायचाच नाही. उभ्या पिकातच आळी काढायची. चाळीस आळी, एक जास्त नाही. एका आळ्याला रोज दहा लिटर धरले की चारशे झाले, उरलेल्या दोनशेत मिरची-वांग्याची राहिलेली झाडं आणि लाल माठाचा एक वाफा. बाकी जमीन रिकामी, पण उघडी नाही, पातेऱ्याखाली झाकलेली.

आळं कसं केलं ते सांगते. दोन फूट रुंद, फूटभर खोल खड्डा, तळाला नारळाची सोडणं, म्हणजे सोललेली तंतूंची सालं, वाटीसारखी उताणी मांडून. सोडण पाणी धरून ठेवतं आणि रेतीतून खाली पळणारं पाणी त्यात अडतं, आपल्याकडे माडाच्या आळ्यात हे पूर्वीपासून करतात, भाजीच्या आळ्यात फार कोणी करत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. सोडणं मात्र एक पावसाळा बाहेर भिजलेली घ्यायची, खाडीत कुजवलेली नकोत. त्यावर सुका पातेरा, त्यावर दोन घमेली जुनं शेणखत आणि ओंजळभर चुलीची राख, वर उकरलेली माती. बी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून काकींनी चुलीच्या उबेला ठेवलं, कारल्याचं आणि पडवळाचं टरफल जाड असतं त्यांना दोन रात्री लागल्या, मोड दिसल्यावरच आळ्यात टोचलं. एका आळ्यात चार बिया, पुढे दोन ठेवायचे.

जास्तीत जास्त आळी पावट्याच्या मांडवाखाली काढली. यावर मुलाला शंका होती की सावलीत वेल कसे होणार. पण फेब्रुवारीअखेरीच्या उन्हात दोन पानांच्या रोपाला थोडी सावली बरीच असते, आणि वेल वर चढायला लागेपर्यंत पावटा आपसूक वाळत येतो. झालंही तसंच. शिमग्याच्या आठवड्यात मळ्यात कोणी फिरकलं नाही, पालखी घरी आली, चाकरमानी आले, फक्त सकाळ-संध्याकाळ पाणी तेवढं काकी घालत होत्या, आणि पालखी पुढच्या वाडीला गेल्यावर बघतो तर शिराळ्याचे तणावे पावट्याच्या काठीला विळखा घालून बसलेले. नवीन मांडव घालायचा खर्च वाचला. पावटा उपटला नाही, जमिनीलगत कापला. लोक सांगतात की मुळांवरच्या गाठींमुळे खूप नत्र मिळतं, तर तसं फार मिळत नाही, शेंगा वाळेपर्यंत बराचसा नत्र दाण्यात गेलेला असतो. पण मुळं आतच कुजली की रेतीत सेंद्रिय अंश वाढतो, आणि शेजारच्या वेलाची मुळं दुखावत नाहीत, एवढ्यासाठीच कापायचा.

लवकर पेरण्याचं अजून एक कारण आहे जे पुष्कळ जणांना माहीत नसतं. काकडीवर्गीय वेलांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, आणि दिवस मोठा झाला, उष्मा वाढला की नर फुलं जास्त आणि मादी कमी येतात. म्हणून एप्रिलात पेरलेला वेल नुसता फुलतो आणि माणसं म्हणतात बी खराब. फेब्रुवारीत पेरलेल्याला निदान सुरुवातीचा बहर बरा मिळतो.

काढणीचं वेळापत्रक मग पाण्यावरून लावलं. पांढऱ्या कांद्याच्या माना पडायला लागल्या तसं त्या वाफ्याचं पाणी पूर्ण तोडलं, कांदा पोसला, दोन आठवड्यांनी काढला, सावलीत पातीसकट सुकवून काकींनी त्याच्या वेण्या घातल्या आणि पडवीच्या वाशाला टांगल्या. त्या वाफ्याचं पाणी लगेच आळ्यांकडे वळलं. मुळा आणि पालक सरळ काढून संपवला, ठेवून काही उपयोग नव्हता. टोमॅटोवर मुलाचा जीव होता, अजून हिरवी फळं होती, पण मार्चच्या मध्याला पानं करपून खालून वर चालली होती आणि रोज पाणी मागत होती. मी म्हटलं काढ. दोन दिवस विचार करून काढले, हिरव्यांची चटणी झाली. वांग्याला लाल कोळी लागला होता, त्याला नुसत्या पाण्याचा जोरात फवारा पानांच्या खालून आणि निंबोळी अर्क, तेवढ्यावर ती तगली.

मोरीचं पाणी अळू आणि केळींकडेच ठेवलं. साबण-पावडरचं पाणी रेताड जमिनीत भाजीच्या आळ्याला देऊ नये.

आता कीड. वेल दोन पानांवर असताना तांबडे भुंगेरे आले, त्यांना सकाळी दव असताना राख उधळली की पानावर चिकटते, ते नाद सोडतात. खरी गोष्ट पुढे झाली. एप्रिलच्या सुरुवातीला काकडी छान चालू झाली, पण कारली बोटभर झाली की पिवळी पडून वाकडी व्हायची, कापलं की आत अळ्या. फळमाशी. मुलाने आंब्याच्या कलमांसाठी आणलेला रक्षक सापळा होता तो कारल्याच्या मांडवाला टांगला. चार दिवसांत सापळ्यात माश्यांचा खच. तो खूष, मला फोटो पाठवला. पण कारली तशीच कुजत होती, उलट जास्त. काकी म्हणायला लागल्या, "औषध घालत नाय म्हणून असं होतंय, लोकं हसतायत."

मी जाऊन सापळा उघडून बघितला. त्यात जे मिथाईल युजेनॉलचं आमिष असतं ते आंब्याच्या फळमाशीच्या नरांना ओढतं. सापळा त्याच कामासाठी बनवलेला आहे आणि ते काम चोख करतो. आंब्याचा सीझन, आजूबाजूला कलमं, म्हणून माश्या पडत होत्या. वेलांवरची फळमाशी वेगळी जात आहे, ती या वासाला येतच नाही, तिला क्यू ल्युअर नावाचं आमिष लागतं. दिसायला दोन्ही माश्या बऱ्याचशा सारख्या, पण वेलावरचीच्या पंखाच्या शेवटी तपकिरी डाग ठळक असतो, भिंग घेतलं की लगेच कळतो. सापळा आंब्याखाली परत गेला, क्यू ल्युअरचे दोन सापळे वेलांमध्ये आले. पण सापळ्यात फक्त नर जातात, अंडी घालणारी मादी मोकळीच, म्हणून एवढ्याने भागत नाही. किडलेलं प्रत्येक फळ रोज सकाळी तोडायचं, खाली पडलेलं पण उचलायचं, आणि ते खताच्या खड्ड्यात नाही टाकायचं, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवायचं. अळी फळातून बाहेर पडून मातीत शिरते, तिथे कोष करते आणि नवीन माशी तयार होते, हा फेरा तोडणं महत्त्वाचं. आणि राहिलेल्या कारल्यांना फूल गळताच कागदाच्या पिशव्या. हे काम काकींनी अंगावर घेतलं, जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या चिकटवून मांडवभर. दहा-बारा दिवसांत फरक पडला. सगळी कारली काही वाचली नाहीत, पण जी ताटात आली ती स्वच्छ होती, आणि औषध घालत नाही म्हणून असं होतं हे बोलणं बंद झालं.

माकडांबद्दल फार लिहीत नाही. जाळी आणि माणूस, तिसरा उपाय अजून मला दिसलेला नाही.

एप्रिलात दोरी सांगत होती सव्वा फुटाच्या आसपास, म्हणजे काकींच्या पायरीपेक्षा थोडं बरं. जे थोडं जास्त मिळालं त्यात मुलाला अजून दहा आळी करायची होती. काकी नको म्हणाल्या आणि मला त्यांचंच पटलं, कारण मेमध्ये ते कमी होणारच होतं. अक्षय्य तृतीयेपर्यंत काकडीचे वेल थकले, ते काढले, त्या आळ्यांत सुरणाचे तुकडे लावले आणि वर जाड पातेरा. सुरणाला पाऊस पडेपर्यंत फारसं काही द्यावं लागत नाही. रिकाम्या झाकलेल्या वाफ्यांपैकी दोनांत हळद गेली. मेच्या मध्याला भरणं पाऊण फुटावर आलं तेव्हा शिराळी आणि पडवळाची मिळून वीस आळी राहिली होती, त्यांना एक दिवसाआड पाणी. पडवळ आणि शिराळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मुलगा नर फूल तोडून मादी फुलावर टेकवत फिरायचा, पाहुण्यांची पोरं त्याच्यामागे.

पाहुण्यांच्या ताटात रोज एक घरची भाजी हे जमलं, दोन नाही. मुलाला दोन हव्या होत्या. भेंडी आणि गवार यंदा झालीच नाही, चवळीवर भागवलं. आणखी एक गोष्ट करायची होती ती नीट झाली नाही, बी धरण्याची. गावठी पडवळ आणि कोकण श्वेता शेजारी शेजारी लावल्याने परागीकरण मिसळलं असणार, त्यामुळे मोकळ्या फुलांचं बी धरायला मी नको म्हटलं. पुढच्या वेळी मादी फुलाला आदल्या दुपारी दोऱ्याने बांधून, संध्याकाळी हाताने त्याच जातीचं पराग लावून परत बांधून ठेवलं, तर दोन्ही जाती शुद्ध राहतील. पावट्याचं बी मात्र काकींनी राखेत घोळून बरणीत भरलंय, पुरेसं आहे.

मुलाला पुढच्या वर्षी चाळीसची पन्नास आळी करायची आहेत. सुपारीच्या बुंध्यांभोवती सोडणांचं आच्छादन घालून तिकडचं पाणी वाचवायचं आणि ते मळ्याला द्यायचं असा त्याचा विचार आहे. हे होण्यासारखं आहे. पण यंदा आधीचा पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला होता, विहीर मुळातच बरी होती, म्हणून अजून एक उन्हाळा दोरीचे आकडे लिहून ठेव आणि मग सुपारीच्या पाण्याला हात लाव असं मी त्याला सांगितलंय. काकींना विचाराल तर त्या म्हणतात सुपारीचं पाणी तोडायचंच नाही.